गर्द सोडवताना : टर्कीचे दहा दिवस आणि त्यापुढचा काळ

घरातला मुलगा ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, ओढतो असे कळले, की बऱ्याच घरांत पहिला विचार हाच येतो : त्याला खोलीत कोंडावे, चार-आठ दिवस तडफडेल आणि मग सुटेल. या समजुतीतला अर्धा भाग खरा आहे. गर्द थांबल्यावर जो त्रास सुरू होतो, ज्याला व्यसनी मुले आणि व्यसनमुक्ती केंद्रांतले कार्यकर्ते ‘टर्की’ म्हणतात, तो साधारण आठ-दहा दिवसांत ओसरतो. मात्र धडधाकट तरुण माणूस टर्कीने सहसा मरत नाही. टर्कीतून बाहेर आल्यावर, शरीराची सवय उतरलेली असताना, तो पुन्हा जुन्याच मात्रेने घेतो आणि तेव्हा मरतो. म्हणून ज्या दिवशी टर्की काढायचे ठरेल, त्याच दिवशी त्यानंतरच्या महिन्यांचीही व्यवस्था ठरवली पाहिजे. पुढचे सगळे लेखन घरच्यांसाठी आहे. ते डॉक्टरांच्या बरोबरीने वापरायचे आहे, डॉक्टरांच्या ऐवजी नाही.

आधी नेमके काय चालले आहे ते समजून घ्यावे

हेरॉइन अफूपासून बनते. आपल्याकडे ‘ब्राउन’, ‘पावडर’ किंवा ‘गर्द’ म्हणून पुडीत मिळते ते त्याचे अशुद्ध, भेसळीचे रूप असते. पुडीतली चिमूटभर पावडर चांदीच्या कागदावर, म्हणजे पन्नीवर ठेवतात, खालून काडी किंवा लायटर धरतात आणि वितळून घरंगळणाऱ्या थेंबामागे नळी फिरवत धूर ओढतात. घरात गादीखाली, संडासाच्या खिडकीत किंवा पँटच्या खिशात मधोमध काळपट तपकिरी रेघ ओढलेले पन्नीचे तुकडे सापडले, तर ती रेघ म्हणजे त्या थेंबाची वाट असते. संडासात तासन्‌तास बसणे, बोलता बोलता डुलकी लागणे, लख्ख प्रकाश नसतानाही डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असणे, सततचा बद्धकोष्ठ आणि घरातल्या वस्तू नाहीशा होणे ही बाकीची चिन्हे आहेत. इंजेक्शनने घेणाऱ्याच्या हातापायांवर टोचल्याच्या खुणा आणि गळवे दिसतात.

हे दुखणे आपल्याच घरात आले, अशी शरम बाळगण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २ कोटी २६ लाख भारतीय अफू वर्गातले कोणते ना कोणते द्रव्य घेत होते आणि त्यांत हेरॉइन घेणारे सर्वांत जास्त, म्हणजे त्या वयोगटातल्या एकूण लोकसंख्येच्या १.१४ टक्के होते.

टर्की का येते हे कळले, तर तिच्याकडे नाटक म्हणून पाहणे थांबते. मेंदूच्या तळाशी सावधपणा, नाडीची गती आणि रक्तदाब सांभाळणारी केंद्रे असतात. हेरॉइन त्यांना दाबून ठेवते. रोज दाबली गेल्यामुळे ती केंद्रे अधिक जोर लावायला शिकतात आणि दाब अचानक निघाला की तो सगळा जोर एकदम मोकळा होतो. घाम, अंगावर काटा, धडधड, जुलाब, ताणलेल्या बाहुल्या हे सगळे त्यातून येते. इच्छाशक्तीने ते थांबत नाही, तसेच ओरडल्यानेही थांबत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर काही गोष्टी लिहून न्याव्यात : किती वर्षे घेतो, दिवसाला किती पुड्या, ओढतो की टोचतो, शेवटचे कधी घेतले, यापूर्वी कधी सोडले होते आणि तेव्हा काय झाले. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मात्र ‘याबरोबर आणखी काय घेतोस?’ हा आहे, आणि तोच बहुधा विचारला जात नाही. दारू किंवा नायट्राझेपाम, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, ज्यांना रस्त्यावर ‘बटन’ म्हणतात, रोज घेणाऱ्याने त्या अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. निव्वळ गर्दाची टर्की भयंकर वाटते, पण दारू-गोळ्यांची टर्की खरोखर घातक असते, आणि दोन्ही एकत्र असतील तर घरी प्रयोग करूच नये. हा प्रश्न वडिलांनी सगळ्यांसमोर विचारला तर उत्तर खोटे मिळते. बहिणीने किंवा मित्राने एकट्यात विचारावा, किंवा डॉक्टरांनाच विचारू द्यावा.

घरी टर्की काढू नये अशी आणखीही माणसे आहेत. गर्भवती स्त्रीने गर्द एकाएकी बंद केले तर गर्भपाताचा आणि अकाली प्रसूतीचा धोका संभवतो. तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या पर्यायी औषधावर ठेवतात आणि जन्मल्यावर बाळाला होणाऱ्या त्रासावर उपचार करतात. ‘आधी सोड, मग दवाखान्यात नेऊ’ असे तिला कोणी सांगू नये. हृदयविकार, मिरगी, पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न, टोचल्याच्या जागी पू किंवा ताप, आणि घरी चोवीस तास थांबणारे कोणी नसणे, ही दाखल करण्याची पुरेशी कारणे आहेत. क्षयाची औषधे चालू असतील तर तेही आवर्जून सांगावे, कारण त्यांतल्या रिफॅम्पिसिनमुळे मेथाडोनसारख्या पर्यायी औषधांचा प्रभाव घटतो.

जावे कुठे? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग किंवा जिल्हा रुग्णालय ही पहिली पायरी. सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानसची मानसिक आरोग्य हेल्पलाइन जवळच्या सेवेची माहिती देतात. महाराष्ट्रात या कामाची जुनी परंपरा आहे. गर्दाची लाट पुण्या-मुंबईत तरुण मुलांना ओढून नेत होती, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. औषधाबरोबर माणुसकीने वागवणे हा तिथल्या उपचाराचाच भाग मानला गेला.

सगळीच केंद्रे अशी नसतात. केंद्र निवडताना भिंतींचा रंग पाहू नये, चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष कधी येतात, टर्कीत कोणती औषधे देतात, आणि नातेवाइकांना भेटू किंवा बोलू देतात का. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाधीनतेचाही समावेश आहे आणि त्याच्या ९५व्या कलमाने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. ‘आमची मुले रात्री गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात’ असे जे केंद्र अभिमानाने सांगते, तिथे आपले माणूस सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे. फसवून नेलेला मुलगा टर्की काढतो, पण घरच्यांवरचा त्याचा विश्वास जातो, आणि पुढच्या महिन्यांत तोच विश्वास सर्वांत जास्त लागणार असतो.

पोलिसांची भीतीही अनेकांना अडवते. अमली पदार्थविरोधी कायद्याचे ६४ अ हे कलम यासाठी वाचण्यासारखे आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हेरॉइनसाठी अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते, हेही मुलाला आधीच सांगावे.

टर्कीचे दिवस

शेवटच्या पुडीनंतर साधारण ६ ते १२ तासांत सुरुवात होते. आधी जांभया येतात, एकामागून एक, झोप नसताना. मग नाक आणि डोळे वाहू लागतात, अंगावर काटा येतो, आणि भर मे महिन्यात माणूस चादर मागतो व दोन मिनिटांनी फेकून देतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो : पोटात पीळ, उलट्या, जुलाब, कंबर आणि पोटऱ्या आतून कुरतडल्यासारख्या दुखणे, पाय आपोआप झटकले जाणे आणि अजिबात झोप नसणे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतार पडतो. आठवड्याभरात जेवण जाऊ लागते. झोप मात्र सगळ्यांत शेवटी येते, कित्येकदा काही आठवड्यांनी.

औषधाशिवाय हे सोसण्यात कोणतेही पुण्य नाही. ‘त्रास झाला म्हणजे अद्दल घडेल’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्रासाने अद्दल घडत नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा खिडकीतून पळतो, एवढेच घडते. आज सर्वांत उपयोगी औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. मेंदूतल्या ज्या जागांवर हेरॉइन बसते, त्याच जागांवर ते घट्ट बसते, पण अर्धवटच काम करते. त्यामुळे टर्की शमते, पण तशी झिंग चढत नाही. हे औषध फक्त डॉक्टरांनी सुरू करायचे असते आणि त्यात एक गोष्ट घरच्यांनी नीट समजून घ्यावी. पहिली गोळी टर्कीची चिन्हे स्पष्ट दिसू लागल्यावरच देतात. शेवटचे गर्द घेऊन पुरेसे तास झाले नसताना ती दिली, तर ती हेरॉइनला एका झटक्यात बाजूला सारते आणि थोड्याच वेळात भयंकर टर्की उसळते. त्यामुळे ‘सकाळी घेतले की नाही?’ याचे खरे उत्तर डॉक्टरांना मिळालेच पाहिजे, आणि ते मिळावे म्हणून त्या सकाळी मुलावर कोणीही रागावू नये.

गोळी जिभेखाली ठेवायची असते. तोंड कोरडे असेल तर आधी घोटभर पाण्याने ओले करावे, गोळी ठेवल्यावर ती पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटे, बोलू नये, चहा-पाणी घेऊ नये आणि विडी ओढू नये. गिळली तर तिचा परिणाम फारच कमी होतो, आणि मग ‘गोळीने काही होत नाही’ अशी तक्रार येते. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावू शकतो, म्हणून गोळ्या घरच्यांनी कुलपात ठेवून रोजच्या रोज द्याव्यात. काही ठिकाणी क्लोनिडिन देतात. त्याने घाम, धडधड आणि बेचैनी कमी होते, पण रक्तदाब उतरतो, म्हणून डोस देण्यापूर्वी रक्तदाब मोजावा आणि रुग्णाला अंथरुणातून हळूहळू उठायला सांगावे. अंगदुखी, उलटी आणि जुलाब यांसाठी डॉक्टर वेगळी औषधे लिहून देतात. औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने झोपेची गोळी किंवा ट्रॅमाडॉल आणू नये. ट्रॅमाडॉल स्वतःच अफूसारखे काम करते आणि पाहता पाहता दुसरी सवय लागते.

घरच्यांच्या हातात सर्वांत मोठे काम आहे ते पाण्याचे. उलट्या-जुलाबांनी शरीर सुकणे हाच निव्वळ गर्दाच्या टर्कीतला मुख्य शारीरिक धोका आहे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून घोटाघोटाने पाजावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. जेवणाचा आग्रह धरू नये. तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, ताक, केळे एवढे पोटात टिकले तरी पुष्कळ. रात्री दोन-तीन वाजता तो गरम पाण्याची बादली मागेल, तर ती द्यावी. कंबरेवर आणि पोटऱ्यांवर कढत पाणी घेतल्याने थोडा वेळ तरी आराम पडतो, आणि पुढच्या तासाभराचा प्रश्न सुटणे ही त्या रात्री लहान गोष्ट नसते. न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नये.

लघवी आठ तास झालीच नाही, पाणीही पोटात टिकत नाही, उलटीत किंवा शौचात रक्त आहे, फिट आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, छातीत दुखते किंवा मरणाची भाषा करू लागला, तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालयात न्यावे.

दाखल केलेल्या मुलाच्या घरच्यांना एका विशिष्ट फोनची तयारी ठेवावी लागते. तो साधारण तिसऱ्या दिवशी येतो. ‘आई, मी आता ठीक आहे, इथे जेवण बरोबर नाही, पैसे कशाला घालवतेस, मला घेऊन जा, देवाशप्पथ पुन्हा हात लावणार नाही.’ आवाज खरा असतो, रडणेही खरे असते, पण त्या वेळी बोलत असते ती टर्की. आईने फोन ठेवू नये, वादही घालू नये. ‘डॉक्टरांशी बोलते, परवा भेटायला येते’ एवढेच सांगावे आणि खरोखर जावे. मारहाण किंवा उपासमारीची तक्रार असेल तर मात्र ती टर्कीच्या खात्यावर टाकू नये. त्याच दिवशी जाऊन स्वतः पाहावे.

दहा दिवसांनंतर

आता सर्वांत धोक्याचा काळ सुरू होतो. दहा-पंधरा दिवसांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जी पुडी त्याला जेमतेम उभे ठेवत होती, ती आता श्वास बंद पाडू शकते. केंद्रातून बाहेर पडल्यावरचे आणि तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत घातक असतात. हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत, त्याच्या समोर बसून सांगितले पाहिजे. ‘असे सांगितले तर त्याच्या मनात पुन्हा घ्यायचा विचार येईल’ या भीतीने लोक गप्प राहतात. तो विचार त्याच्या मनात आधीपासूनच असतो.

मात्रा जास्त झाल्याची खूण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी : हाक मारून, छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोराने चोळूनही जाग येत नाही, श्वास फार सावकाश किंवा घरघरता चालतो, ओठ व नखे निळसर पडतात, बाहुल्या अगदी बारीक होतात. अशा वेळी आधी १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून तोंड मोकळे ठेवावे; श्वास थांबला असेल आणि तोंडाने श्वास कसा द्यायचा हे आपल्याला येत असेल तर तो द्यावा, नाडी लागत नसेल तर छाती दाबावी. अंगावर गार पाणी ओतणे, मीठपाणी पाजणे, चालवणे यांत मोलाची मिनिटे जातात. नॅलोक्झोन हे इंजेक्शन हेरॉइनचा परिणाम मिनिटांत उलटवते, पण त्याचा अंमल साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो, त्यामुळे शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. त्याला काही तास रुग्णालयातच ठेवावे. पोलिसांच्या भीतीने सोबतचे मित्र पळून जातात आणि वाचणारा मुलगा जातो, म्हणून मित्रांनाही हे माहीत करून द्यावे.

पुढच्या उपचाराचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन महिनोन्‌महिने, गरज पडल्यास वर्षानुवर्षे चालू ठेवणे. काही सरकारी केंद्रांत हे औषध रोज समोर उभे करून देतात. ‘ही तर नशेच्या जागी नशाच’ असा आक्षेप मराठी घरांत हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, त्याचे कारण साधे आहे : ती चालू असेपर्यंत माणसे कमी मरतात, टोचणे कमी होते, नोकरीवर जाता येते. औषध कधी थांबवायचे हा निर्णय शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून घेऊ नये. दुसरा मार्ग नाल्ट्रेक्झोनचा. ही गोळी हेरॉइनचा परिणामच होऊ देत नाही, पण ती सुरू करण्यापूर्वी किमान ७ ते १० दिवस शरीरात अफू वर्गातले काहीही नसावे लागते. ती रोज कोणीतरी देणारे घरात असेल आणि रुग्णाची स्वतःची तयारी असेल तरच तिचा उपयोग होतो. ती मध्येच सोडून गर्द घेतल्यास मात्रा जास्त होण्याचा धोका फार असतो.

ज्याने कधीही टोचून घेतले असेल, त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांची तपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत त्यावर मोफत उपचार मिळतात.

घरी आल्यावरचे पहिले महिने बाहेरून शांत दिसतात. मुलगा सुस्त असतो, कशातच रस नसतो, रात्रभर जागतो, दुपारी झोपतो. याला आळस म्हणू नये. मेंदूला पूर्वपदावर यायला वेळ लागतो. पैसे थोडे आणि हिशोबाचे द्यावेत, पण दर संध्याकाळी खिसे तपासून आरोपीसारखे उभे करू नये. फोनमधले पेडलरचे, म्हणजे गर्द विकणाऱ्यांचे, नंबर त्याने स्वतः काढावेत, अड्ड्यावरून जाणारा रस्ता बदलावा, पगाराच्या दिवशी कोणीतरी सोबत असावे. नार्कोटिक्स अनॉनिमस या, व्यसन सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या सभांना त्याने जावे. तिथे त्याला आपले खोटे ओळखणारी आणि तरीही जवळ बसवणारी माणसे भेटतात, जी घरी भेटत नाहीत. बायको आणि आईसाठीही वेगळे गट चालतात. मुक्तांगणचा ‘सहचरी’ हा पत्नींचा गट त्यांपैकी एक. वर्षानुवर्षे खोटे ऐकून थकलेल्या बाईला स्वतःसाठी बोलायला जागा लागते, आणि ती मिळाली की तिच्याकडून होणारी रोजची उलटतपासणी आपोआप कमी होते.

पुन्हा घेतले, म्हणजे केंद्राच्या भाषेत ‘स्लिप’ झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. घरातून हाकलले तर तो एकटा, बंद दाराआड घेईल आणि मात्रा जास्त झाली तर मदत करायला कोणी नसेल. औषध बंद केलेले असेल तर ते पुन्हा सुरू करता येते, मात्रा डॉक्टर नव्याने ठरवतात. या सगळ्यासाठी एक कार्ड करून कपाटाच्या दाराला आतून लावावे. त्यावर डॉक्टरांचा नंबर, १०८ आणि १४४४६, चालू औषधाचे नाव व रोजची मात्रा, आणि शेवटची गोळी कोणी व किती वाजता दिली हे रोज लिहावे. रुग्णालयात जावे लागले तर हे कार्ड बरोबर न्यावे.